मामांचं भांडण

माझ्या थोरल्या मामांइतका भांडकुदळ माणूस अख्ख्या भूम तालुक्यात झाला नाही आणि होणारही नाही. ईट गावात त्यांची खव्याची भट्टी. दूध पातळ असलं तर ते दूधवाल्याशी भांडत, आणि घट्ट असलं तर ‘काल का नव्हतं असं’ म्हणून भांडत. एसटी वेळेवर आली तर कंडक्टरला जाब विचारत. मी लाडकी भाची, म्हणून सगळ्यात जास्त बोलणी मलाच.

मग मामा भांडायचे थांबले. कशालाही ‘व्हय’ म्हणत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. गोळ्या बदलल्या, शॉक दिले. ते नैराश्य काही हटेना. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी छातीत कातडीखाली बिस्किटाएवढं यंत्र बसवून त्याची तार मानेतल्या नसेला जोडली. दर पाच मिनिटांनी ते नसेला अर्धा मिनिट चेतवतं, आणि तेवढा वेळ मामांचा आवाज घोगरा होतो. गुण यायला वर्षसुद्धा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते वर्ष मामीनं त्या घोगऱ्या ‘व्हय’वर काढलं.

आणि एक दिवस बांधावरून शेजाऱ्याशी मामांचं जुंपलं. ऐन रंगात यंत्र चालू झालं, आवाज बसला. मामांना रडू फुटलं असं वाटून शेजाऱ्यानं हातभर बांध सोडून दिला. मामा तणतणत घरी आले, “मला भांडून जिंकायचं हुतं.” मामीनं त्या आनंदात शिरा केला.

आता ते सगळ्यांशी भांडतात. अधूनमधून पडका दिवस येतो, पण सरतो. फक्त माझ्याशी भांडत नाहीत. परवा मी मुद्दाम म्हटलं, “मामा, तुमच्यापेक्षा भूमचा खवा बरा.” भट्टीवरची माणसं थबकली. मामा म्हणाले, “असंल.”

मला राहवलं नाही. “मला बोला की मामा पहिल्यासारखं.”

त्यांनी कढईतला हात थांबवला. “म्या भिताडाकडं तोंड करून पडायचो, अन् तू गपगुमान माझा हात धरून बसायचीस. तुला बोलायला जीभच उचलत न्हाय, बाई.”

मामा परत मिळाले, हे मला कळतं. तरी मी ईटहून निघाले की एसटीत बसून त्यांना डिवचायला काहीतरी नवं शोधत असते, आणि डोळे भरून येतात.