मोगऱ्याच्या ओळीत

चौथीपर्यंत शाळा झाली, तेवढ्या अक्षरांवर हे लिहिते आहे. कागदावर उतरवले तर मनातली भीती थोडी हलकी होते का ते पाहायचे आहे.

अकोल्याबाहेर आमच्या सासरचा फुलांचा मळा होता. लग्न होऊन आले तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी मला मोगऱ्याच्या कळ्या तोडायला शिकवले. उन्हाळ्यात दुपार कलली की तोडा सुरू व्हायचा, कारण दिवेलागणीच्या आत फुलांची बैलबंडी जठारपेठेच्या बाजारात पोचावी लागे. कळी भरलेली आणि पांढरी हवी, हिरवट असली तर झाडावरच ठेवायची. मी एकेक कळी निरखून, आपल्याच बोटांकडे पाहत खुडायची. जाऊबाई हसायच्या.

"हाताकडे काय पाहून राहिली वो? तो काय पळून जाते? डोळा समोर जाऊ दे, हात येते मांगून."

महिनाभरात जमले. हात एक कळी खुडत असे तेव्हा डोळा पुढच्या कळीवर गेलेला असे, आणि हात न पाहता तिथे पोचे. पाने, काड्या, माती काही दिसतच नसे. फक्त पांढरे दिसे.

त्या दिवशी आम्ही दोघी एकाच ओळीच्या दोन बाजूंनी तोडत चाललो होतो. जाऊबाईंची पाच महिन्यांची मुलगी बाभळीखाली झोळीत झोपली होती. विहिरीवर सासरे मोट हाकत होते, म्हणून आम्ही हळू बोलत होतो. त्यांच्यासमोर मी तोवर मोठ्याने एक शब्द काढलेला नव्हता.

एका झुडपाच्या बुंध्याशी माझी नजर दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा वाळलेला पाला दिसला. तिसऱ्यांदा खाली गळालेली कळी उचलावी म्हणून पाहिले, तर त्या पाल्यात तपकिरी गोल दिसला. त्याला काळी कड होती. त्याच्या शेजारी तसाच दुसरा गोल. घोणस वेटोळे करून बसली होती, माझ्या मनगटाएवढी जाड. माझा हात तिच्यापासून वीतभर अंतरावरून फिरून आला होता.

तिच्या बरोबर वर, खालच्या फांदीला चार कळ्यांचा झुबका होता, आणि जाऊबाईंची नजर त्याच झुबक्यावर होती. नजर गेली म्हणजे हात निघालाच. मला ओरडायचे होते, पण सासरे विहिरीवर होते, सवयीने तोंड उघडलेच नाही. त्यांचा हात धरायचा तर माझाच हात घोणशीवरून न्यावा लागला असता. मी टोपली उचलली आणि त्यांच्या कानाच्या बाजूने फेकली. कळ्या उडाल्या. त्यांची मान गर्रकन तिकडे वळली आणि हात जागच्या जागी थांबला.

"येड लागलं काय वो तुले! दोन घंट्याचा तोडा गेला मातीत!"

"हात मागं घ्या," मी म्हणाले. आवाज निघाला की नुसते ओठ हलले ते सांगता येत नाही, पण त्यांनी हात मागे घेतला.

सासरे बैल थांबवून काठी घेऊन आले. "काय झालं? कळ्या काहून सांडल्या?"

मी बोट दाखवले. "जनावर."

"कुठी? मले तं पालाच दिसून राहिला."

"मलेबी काही दिसत नाही, मामाजी. ऊन लागलं असंन तिले," जाऊबाई म्हणाल्या आणि पाहायला वाकल्या.

मी पापणी हलवत नव्हते. वाटत होते, नजर काढली की तिचा पुन्हा पाला होईल, मग मलाही दिसणार नाही, आणि ही माणसे तिथे हात घालतील. डोळ्यांत पाणी भरले. गोल पुसट होऊ लागले.

"वाकू नोका!" मी सासऱ्यांदेखत किंचाळले.

सासऱ्यांनी लांबून काठी घातली. लोहाराच्या भात्यासारखा फुत्कार झाला, पाला सरकला, आणि ती दोघांनाही एकदम दिसली.

"अरे बापा!" सासरे मागे हटले.

ती कुंपणाच्या काट्यांत शिरली. पुष्कळ शोधली, सापडली नाही. जाऊबाई उजवा हात पदरात गुंडाळून बांधावर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशीचा तोडा काही टळणार नव्हता. मी बुंधा न् बुंधा पाहत ओळ संपवली. काडी दिसली तरी थबकायची. शेवटाला पाहते तर टोपलीचा तळही झाकला नव्हता. मागे वळले, तर ओळ पांढरीशुभ्र उभी होती. इतक्या कळ्या डोळ्यांसमोरून गेल्या आणि मला एकही दिसली नव्हती. सासरे काय म्हणतील या भीतीने रडू फुटले.

जाऊबाई जवळ आल्या. त्यांची टोपली तर पारच रिकामी होती.

"माहा हातच पुढे होत नाही वो," त्या म्हणाल्या. "असं कर. तू खालतं पाह्य. तू हं म्हणल्याबिगर मी हात घालत नाही."

उन्हाळा संपेपर्यंत आम्ही तसाच तोडा केला. दोघींत एकीचे काम होई, सासरे कुरकुरत. मी बुंध्याशी वाकून पाहायची, डावीकडून, उजवीकडून, मग "हं" म्हणायची. त्या लगेच निर्धास्त हात घालायच्या. तो हात कळी घेऊन बाहेर येईपर्यंत माझा श्वास अडकून राही. घोणस निघाली त्या दिवशीही मी तिथे दोनदा पाहिलेच होते.