मोकळी जागा

हैदराबादला समुद्र नाही, त्यामुळे समुद्राचं काय करायचं ते इथल्या एसी हॉलमध्ये शांतपणे ठरवता येतं. आज दुपारी ठरलं. मीही होते, कोकण किनाऱ्याच्या आराखड्यासाठी झालेल्या अभ्यासाची अनुवादक म्हणून.

कोकणातून एक मावशी आल्या होत्या. मासळी वाळवून विकतात. मराठी येणारी मी एकटीच, म्हणून त्यांना माझ्या शेजारी बसवलं होतं. पडद्यावर त्यांच्या किनाऱ्याचा नकाशा आला. बायका मासळी वाळत घालतात त्या वाळूवर पार्किंग दाखवलं होतं.

"आमची जागा यांना कोणी दिली गो?" मावशींनी विचारलं.

इथल्या नल्लकुंटा भागातल्या माझ्या घरी बसून केलेलं भाषांतर मी उघडलं. अभ्यासासाठी घेतलेल्या मुलाखतीत मावशी म्हणाल्या होत्या, "ती जागा आम्ही मोकळी ठेवतो." म्हणजे मासळीसाठी मोकळी. मी इंग्रजीत लिहून ठेवलं होतं, रिकामी.

मी उठून चूक सांगितली. नकाशा दाखवणारे साहेब प्रेमाने म्हणाले, "अब नक्को मॅडम, प्लान पास हो गया. चाय पियो."

मावशींना मी सगळं खरं सांगितलं. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून सुक्या बोंबलांची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. "तू माझं बोलणं इंग्रजीत नेलंस म्हणून आणली होती. आता परत कशाला नेऊ?"

पुडी आता घरी ओट्यावर आहे. उघडवत नाही.

छापून गेलेला शब्द परत कसा आणायचा, कोणाला माहीत असेल तर सांगा. 'वाईट वाटून घेऊ नका' एवढं लिहू नका. ते 'चाय पियो'चंच भाषांतर आहे, मला येतं.