मुदत संपल्याचे मेल

नवरा सोडला तर अख्खा कारखाना त्यांना वहिनीच म्हणायचा. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं वाकडी, अशा पायांसाठी मापाचे बूट बनवणारा तो छोटा कारखाना दोघा भावांचा. वहिनींचे यजमान दादा आणि धाकटे भाऊ चामड्यात गुंतलेले असायचे. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, आणि तिथे वहिनींचं राज्य. अकरा वर्षांपूर्वी वेबसाइट त्यांनीच सुरू केली होती. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पायांची मापं, सगळं वेबसाइटच्याच नावाच्या मेलवर यायचं.

एका दुपारी त्या बाहेरून आल्या, तर दीर त्यांच्याच खुर्चीत बसलेले.

"वहिनी, वेळेवर बघितलं म्हणून वाचलो. वेबसाइटच्या नावाची मुदत आज संपत होती. चोवीस तासांत पैसे भरा, नाहीतर नाव जाईल, असा मेल होता. भरून टाकले."

"कुठे भरलेत, भाऊजी?"

"त्यांनीच खाली बटण दिलं होतं. पासवर्ड विचारला, तोही दिला."

"कुठला पासवर्ड?"

"आपल्या मेलचा."

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेबसाइटचं नाव ज्या कंपनीकडून वर्षाच्या भाड्याने घेतलं होतं ती वेगळीच, आणि मुदत संपायला अजून तीन महिने होते. त्यांनी आधी बँकेला सांगून कार्ड बंद केलं, मग पासवर्ड बदलला. पण तोवर कारखान्याच्या मेलवरून गिऱ्हाइकांना पत्रं गेली होती, 'यापुढे पैसे या नव्या खात्यात पाठवा.' वहिनी तीन दिवस फोनला चिकटून होत्या. "ते पत्र आमचं नाही हो," हे एकच वाक्य बोलून त्यांचा घसा बसला.

चौथ्या दिवशी त्यांनी संगणकाच्या वर कागद चिकटवला. 'मुदतीचा मेल आला की सरळ उडवायचा.' दोन्ही भावांना पुन्हा पुन्हा बजावलं.

तीन महिने बरे गेले. मग एका आठवड्यात मेल यायचेच थांबले. काम कमी असेल, असं वहिनींना वाटलं. तिसऱ्या दिवशी काठी टेकत एक जुन्या गिऱ्हाईक बाई जिना धरून उभ्या राहिल्या.

"बंद केलंत का हो दुकान? मेल परत येतोय, वेबसाइट उघडत नाही. दोन बस बदलून आलेय मी."

वहिनींनी त्यांना आपली खुर्ची दिली आणि उभ्यानेच, नाव जिच्याकडून घेतलं होतं त्या कंपनीची साइट उघडली. मुदत संपून चार दिवस झाले होते. दरवर्षी पैसे ज्या कार्डावरून आपोआप जायचे ते त्यांनीच बंद केलं होतं, आणि नव्या कार्डाचा नंबर कंपनीला द्यायचा राहून गेला होता.

"अहो, कंपनीचे मेल आले होते का?" त्यांनी नवऱ्याला हाक मारून विचारलं.

"आले की. चार आले. चारही उडवले," दादा आतूनच म्हणाले. आवाजात शाबासकीची अपेक्षा होती.

आता चिडायचं तरी कुणावर? दादांनी सांगितलं तेवढंच केलं होतं. वहिनींनी डोकं धरलं. लबाडांपासून वाचायला म्हणून खऱ्या पत्रालाही आपणच दार बंद केलं, हे त्यांना फार लागलं.

नशीब, कंपनी मुदतीनंतरही थोडे दिवस नाव राखून ठेवते. पैसे भरल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेल सुरू झाला. मधल्या दिवसांत एका डॉक्टरांनी मात्र आपले रुग्ण दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली होती, ते काही परत आले नाहीत.

वहिनींनी तो कागद फाडला. वेबसाइटचं नाव कुणाला परस्पर दुसरीकडे हलवता येऊ नये म्हणून कंपनीकडून त्याला कुलूप लावून घेतलं. दुसऱ्या संगणकावरून मेल उघडायचा तर आपल्या फोनवर आलेला आकडा टाकावा लागेल, अशी सोय केली. मग दोघा भावांना समोर बसवलं.

"मेलमधलं बटण दाबायचं नाही आणि मेल उडवायचाही नाही. मला सांगायचं. मी नसले तर कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करायचा, आत जायचं, तारीख बघायची. भाऊजी, करून दाखवा."

दिरांना तारीख तिसऱ्या खेपेला सापडली.

"एवढा व्याप? त्यापेक्षा तुम्हीच बघत जा ना, वहिनी."

"अकरा वर्षं मीच बघतेय," वहिनी म्हणाल्या, "आता तुम्ही बसा. पुन्हा पहिल्यापासून."