मेंदी न लावलेले पाय

आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचं कारण सापडलं नाही, असं कधी होत नाही. मी जन्मभर सरकारी कारखान्यात यंत्रांचे बिघाड शोधले. ती खोड निवृत्तीनंतर माझ्यासोबत घरी आली आणि सगळ्यांना जडली.

बेळगावचं लग्न आटोपून आम्ही बसवनगुडीला आमच्या घरी परतलो आणि चार वर्षांच्या नातीला ताप भरला. मुलगा कामानिमित्त परगावी होता. घरात ही, सूनबाई आणि मी. तापाचं कारण उघड होतं, लग्नातली दगदग आणि वर आइस्क्रीम. मग मानेत एका बाजूला सुपारीएवढी गाठ आली. "घसा धरलाय, दुसरं काय!" म्हणत हिने रक्तचंदन उगाळून लावलं. डोळे लाल झाले, पण हिनेच मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली होती. त्या धुराने माझेही डोळे चुरचुरत होते. ओठ आणि जीभ लालभडक दिसली, तर पोरीने लग्नात मोठ्यांचे विडे पळवले होतेच. विड्याचा रंग इतके दिवस टिकतो का, हे कुणी विचारलं नाही. तळहात लाल होते, त्यांवर मेंदी होती. प्रत्येक गोष्टीला चोख कारण! मला तर समाधानच वाटत होतं.

जवळच्या दवाखान्यातलं घशाचं औषध संपलं, तरी ताप जागचा हलेना. आठवडा होत आला तसा सूनबाईचा धीर सुटला.

"बाबा, तुमची कारणं राहू देत. मी रिक्षा बोलावलीये. आपण मुलांच्या डॉक्टरकडे जातोय."

एरवी ती माझ्याशी असं बोलत नाही. मला राग आला, पण निमूट रिक्षात बसलो.

डॉक्टर तरुण होती, धारवाडकडची, मराठी बोलणारी. मी माझा अहवाल सुरू केला. तिने तो अर्ध्यापर्यंत ऐकला.

"अज्जा, स्वल्प थांबा," म्हणाली आणि नातीकडे वळली. मानेची गाठ चाचपली, जीभ पाहिली, तळहात उलटेसुलटे केले. मेंदीपुढे काही कळेना, तेव्हा तिने मोजे काढले. तळपाय लाल होते आणि सुजलेले होते.

"पायालासुद्धा मेंदी लावली होती?" तिने सूनबाईला विचारलं.

उत्तर तापलेल्या पोरीनेच दिलं. "नाही. आजोबांनी लावू दिली नाही."

खरं होतं. गाडीची वेळ झाली म्हणून मीच तिला मध्येच उठवलं होतं आणि तिने भोकाड पसरून मांडव डोक्यावर घेतला होता.

डॉक्टरने सगळं एका माळेत ओवलं. ताप, गाठ, डोळे, जीभ, हातपाय, हा सगळा एकच आजार. तिने एक जपानी नाव सांगितलं. मला आधी मोटरसायकलच आठवली. आजार दुर्मीळ, बहुतेक लहान मुलांना होणारा. नेमकी एक तपासणी नाही, लक्षणं एकत्र पाहूनच ओळखायचा. धोका हृदयाच्या रक्तवाहिन्यांना. शिरेतून द्यायचं औषध वेळेत दिलं, तर तो बहुतेक टळतो.

"अजून वेळ आहे," ती म्हणाली. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

इस्पितळात औषध चढलं आणि ताप उतरला. पोरीने इडली मागितली, मग चटणी कमी का म्हणून भांडली. ते भांडण ऐकून सूनबाई रडली. पुढे बोटांच्या टोकांची साल निघू लागली, मेंदीसकट. असं होईल हे डॉक्टरने आधीच सांगितलं होतं. तरी ही म्हणालीच, "मेंदीत भेसळ असणार!" आम्ही पोट धरून हसलो.

काही महिन्यांनी हृदयाची शेवटची तपासणी झाली. "सगळं सरी आहे, अज्जा, अगदी ठीक," डॉक्टर म्हणाली. मी तिला हात जोडले.

परतताना बाजारात मेंदीचा कोन घेतला. घरी पोचल्यावर जमिनीवर बसलो, नातीचा पाय मांडीवर घेतला आणि फूल काढायला गेलो. निघालं दातेरी चाक.

"आज कुणाचं लग्न आहे?" तिने विचारलं.

"कुणाचंच नाही."

"मग कशाला लावताय?"

मला काही कारण सुचलं नाही. मी दुसरा पाय मांडीवर घेतला.