अण्णाने निववलेली कॉफी

आज कॉफीने जीभ पोळली आणि तिरुवैयारु गावी राहणारा अण्णा, माझा थोरला भाऊ, आठवला. त्याच्या मुलीच्या लग्नाला त्याने अक्षता घेऊन न येता फोनवर बोलावलं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

तरुणपणी एकदा मी ओट्यावर ओरडत होतो, "मराठ्यांनी जिंजी वर्षानुवर्षं लढवली! त्याहून मोठा पराक्रम कुठला?"

"चोळांनी समुद्र ओलांडून राज्यं जिंकली रे वेड्या," अण्णा हसला. "त्यांच्याच भूमीचा भात खातोस ना?"

बोलता बोलता तो माझी कॉफी पेल्यातून डवऱ्यात, त्या पसरट वाटीत, आणि डवऱ्यातून पेल्यात ओतून निववत होता. रागात मी ती तशीच कढत घशात ओततो, हे त्याला ठाऊक होतं.

वादात काय, सौद्यात काय, मी कधी माघार घेत नाही. पण उद्या अण्णाकडे जाऊन दारातच सांगेन, चोळ मोठे. बदल्यात कॉफी मात्र त्यानेच निववायची.