पिनरच्या काकांचे नापास लॅपटॉप

वायव्य लंडनमध्ये विकल्या गेलेल्या महागड्या लॅपटॉपांपैकी निम्मे तरी पिनरच्या काकांच्या स्वयंपाकघरात येऊन, नापास होऊन, पुन्हा खोक्यात बसून दुकानात परत गेले असतील, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. काका म्हणजे माझ्या आईच्या मैत्रिणीचे थोरले दीर, लंडनच्या पिनर भागात राहणारे. पुण्यात या नात्याला कुणी चहासुद्धा विचारला नसता. पण इथे शेजारच्या हॅरोला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला तेवढं नातं दर रविवारी जेवायला पुरतं. चाळीस वर्षं त्यांनी इथल्या हॉस्पिटलांमध्ये एक्स-रे आणि स्कॅन वाचले. "काळ्या आणि पांढऱ्याच्या मधले रंग या देशात दोघांनाच कळतात," ते म्हणत, "एक मी, आणि दुसऱ्याला मी शिकवलंय." तो दुसरा कोण, हे विचारायची आमची कधी हिंमत झाली नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. चाळीस वर्षांत जमवलेली, ज्यांच्यावरून शिकता येईल अशी चित्रं, पेशंटची नावं काढून, शिकाऊ डॉक्टरांसाठी नीट लावून ठेवायची. प्रत्येकावर बाण काढायचा, खाली दोन ओळी लिहायच्या. त्यासाठी त्यांना असा लॅपटॉप हवा होता की ज्याचा पडदा मागे उलटा वळवून पाटीसारखा टेबलावर ठेवता येईल, त्यावर पेनने लिहिता येईल, आणि राखाडी रंगाच्या सगळ्या छटा वेगवेगळ्या दिसतील. आता एवढ्यासाठी माणूस दुकानात जातो, बघतो, घेऊन येतो. काका परीक्षा घेत. खोक्याची टेप सर्जरीच्या ब्लेडने कापायची, म्हणजे परत चिकटवता येते. मग झाकण एका बोटाने उघडायचं. खालचा भाग सोबत उचलला गेला की, "याला उठवायला दोन माणसं लागतात, हा लॅपटॉप नाही, पेशंट आहे," म्हणून शेरा. मग काकूंच्या पीठ मोजायच्या काट्यावर वजन. कंपनीने लिहिलंय त्याहून चार ग्रॅम जास्त भरलं तरी काकांचा चेहरा फसवणूक झाल्यासारखा होई. मग तंबूसारखा उभा करून किटलीशेजारी ठेवायचा आणि पाणी उकळताना तो थरथरतो का, हे खाली वाकून बघायचं. शेवटी खिडक्यांचे पडदे ओढून डिस्प्लेची तपासणी. या सगळ्यात कणीक मळायला काकूंना टेबलाचा जेमतेम कोपरा उरे. त्या फक्त एवढंच विचारत, "याच्या चार्जरला जागा करू, की हाही पाहुणाच?"

बहुतेक पाहुणेच असत. दुकानातला परत घेण्याच्या काउंटरवरचा माणूस काकांना लांबून येताना पाहूनच फॉर्म काढून ठेवत असे.

गेल्या शरद ऋतूत मात्र एक खरोखर देखणा लॅपटॉप आला. बिजागरी पास, वजन पास, किटली पास. छातीच्या एक्स-रेवर फुफ्फुसांच्या बारीक रेषा अशा उमटल्या की काका "वा!" म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी कुठल्या यंत्राला वा म्हटल्याचं काकूंना आठवत नव्हतं. मग चित्रांची यादी करायला त्यांनी चौकटींचा तक्ता उघडला, आणि थांबले. "हे बघ, मधल्या रेघा वाकतायत. पॅनेल खराब आहे. दिसतंय ना तुला?"

मी पाहिलं. रेघा पट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या.

आता माझा धंदा सांगते. मी क्रॉयडनच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर लोकांना त्यांचं काय चुकलंय ते तोंडावर सांगण्याचा मला पगार मिळतो, आणि त्यात मी कुणाची भीड ठेवत नाही. पण ते ऑफिसात. इथे ताटात काकूंचं वरण, समोर वडिलांहून मोठा माणूस, आणि त्याने जन्म घातलेला चित्रं बघण्यात. मी म्हणाले, "हो काका, वाकतायत खऱ्या."

लॅपटॉप परत गेला. दुसऱ्याच्याही रेघा वाकल्या. मी म्हणाले, हो काका. तिसऱ्याच्या वेळी तर मी शहाणपणा करून, त्या नक्की कुठे वाकतात तिथे बोटही ठेवलं.

वाकत होता तो पडदा नव्हता. काकांच्या डाव्या डोळ्याच्या मागच्या बाजूला, मधोमध, द्रव झिरपत होता. आणि उजवा डोळा लहानपणापासून आळशी, म्हणजे जवळजवळ निकामीच. आयुष्यभराचं सगळं बघणं त्या एकट्या डाव्याने केलेलं. आपण एकाच डोळ्यावर भागवतो, हे त्यांनी काकूंखेरीज कुणाला कळू दिलं नव्हतं. डावा डोळा झाकून उजव्याने पाहिलं असतं तर त्याच रेघा धूसर, पण सरळ दिसल्या असत्या. दोन सेकंदांचं काम. ते त्यांनी केलं नाही.

तिसरा परत गेला त्या आठवड्यात काकूंचा मला ऑफिसात फोन आला. "अगं, हे सकाळपासून किचनच्या टाइल्ससमोर उभे आहेत. म्हणतायत, आता या कुठल्या दुकानात परत करायच्या?" मी म्हटलं, त्यांना आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. मी निघाले ती थेट डोळ्यांच्या हॉस्पिटलात पोचले.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हा त्रास कधीपासून आहे? काका म्हणाले, "थ्री लॅपटॉप्स." बाईंना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. मग मी मध्ये पडून लॅपटॉपांचे महिने करून दिले. चार भरले. बाई मऊपणाने बोलल्या. डोळ्यात इंजेक्शनं देऊ, उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू. पण मधलं जे गेलं ते परत येणार नाही. पहिल्याच आठवड्यात आला असतात तर, असं म्हणून त्या थांबल्या. "तर कलेक्शन पुरं झालं असतं," काकांनी त्यांचं वाक्य पूर्ण केलं.

काकू औषधं आणायला गेल्या आणि आम्ही दोघं बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. बाहुल्या मोठ्या करणाऱ्या थेंबांमुळे त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्या येत होतं त्याला तसं काही कारण देता येण्यासारखं नव्हतं. मी म्हणाले, "काका, मला त्या रेघा एकदाही वाकड्या दिसल्या नाहीत."

"मग हो का म्हणालीस?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

त्यांनी रुमालाने डोळे टिपले. मला वाटलं, आता हा माणूस माझं तोंड बघणार नाही. मग म्हणाले, "ज्युनिअर मुलांना मी पहिल्या दिवशी काय सांगायचो, माहितीय? माझं मत ऐकायच्या आधी तुमचं लिहून ठेवा. आणि तुला मी आधी उत्तर सांगितलं, मग प्रश्न विचारला. चाळीस वर्षांत असं कुणाला विचारलं नव्हतं गं." त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "मला घाबरायला झालं होतं."

हे ते माझा अपराध हलका करायला म्हणाले की खरंच तसं होतं, मला ठाऊक नाही. माझा तो हलका झालेला नाही, व्हायचाही नाही.

चौथा लॅपटॉप काकूंनी स्वतः जाऊन आणला. त्याला कुणी काट्यावर ठेवलं नाही. रविवारी जेवणं झाली की मी एकेक चित्र उघडते आणि काका विचारतात, "काय दिसतंय?" स्वतः काही सांगत नाहीत. मला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा दिसेल तसं सांगते: डावीकडे वर पांढरट डाग आहे, वाटाण्याएवढा. परवा ते म्हणाले, "तिथे डाग असायचं काही कारण नाही." मी म्हणाले, "आहे, काका." ते म्हणाले, "नीट बघ." मी नीट पाहिलं आणि पुन्हा म्हणाले, आहे. तेव्हा कुठे त्यांनी चित्राखालच्या मजकुराचं पुढचं वाक्य सांगायला घेतलं. तीनशेवर चित्रं बाकी आहेत आणि एका रविवारी आमची चार होतात.

समोरचं माणूस आता त्यांना मधोमध दिसत नाही. कडेने तेवढं दिसतं. त्या दिवशी निघताना मी दारात कोट चढवत होते, आणि ते माझ्याशेजारच्या रिकाम्या भिंतीकडे बघून मायेने हसत होते. मी म्हणाले, "काका, मी इकडे आहे."

"माहितीय गं," ते भिंतीकडेच बघत म्हणाले. "तिकडे बघितलं की तू दिसतेस."