पोपटीतला डोंगर

आमच्या बायजावहिनीने एकदा जगनच्या बैलाला आंघोळ घालून परत पाठवलं होतं. बैल चुकून तिच्या अंगणात शिरला, अंगाला चिखल लागलेला, आणि वहिनीला काही ते बघवलं नाही. खसाखसा घासला, शिंगं पुसली आणि मग पाठीवर थाप मारून हाकलला. संध्याकाळी जगन आमच्या ओटीवर येऊन उभा. "गुणाजीदादा, माझा बैल बघितलास काय रं? माझ्या गोठ्यात दुसऱ्याच कुणाचातरी पांढरा बैल येऊन उभा हाय." मी हसून हसून खालीच बसलो.

तर अशी ही बायजावहिनी. माझ्या चुलतभावाची, केरूदादाची बायको. दादाला जाऊन चार वर्षं झाली. तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक शेवग्याचं झाड आहे, त्याचीही पानं ती वेचते. तिच्याकडे चहा प्यायला जायचं तर पाय धुऊन जायचं, हा नियम पोस्टमनलासुद्धा माहीत आहे. तो पत्र नंतर देतो, आधी पाय पुढे करतो.

ही सवय तिने माहेराहून आणली. तिचं माहेर पेणच्या खाडीकडचं, बाप मिठागरात कामाला. मिठागर म्हणजे तुम्हाला ठाऊकच असेल, मातीच्या पाळ्या घालून केलेले चौकोनी वाफे, त्यात खाडीचं पाणी घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि तळाचं मीठ ओढायचं. ती सांगते, "ढिगावर येक काली ढेकल दिसली तरी बाबा आमाला जेवू देत नसं." लग्न होऊन इकडे कोंडशेतला, भात आणि वालाच्या मुलखात आली, चाळीस वर्षांवर संसार केला, पण माहेरचं मीठ आणि माहेरचं 'मना' काही सुटलं नाही. आम्ही 'मला' म्हणतो, ती 'मना' म्हणते. मीठही अजून पेणहून भाऊ आणून देतो तेच लागतं.

आमचं कोंडशेत निडी स्टेशनाला उतरून रोह्याच्या अंगाने चालत यायचं गाव. आमच्या पाठीला डोंगर. त्या डोंगरात दगडाची खाण लागली आणि वहिनीच्या आयुष्याला कामच काम मिळालं. सकाळपासून ट्रक. खडी भरून जाणारे, रिकामे येणारे. रस्ता मातीचा, नि तोही आमच्या दारातून. वहिनी सकाळी ओटी पुसायची, दुपारी पुसायची, पुसता पुसता ट्रक गेला की परत पहिल्यापासून. रस्त्याच्या कडेलाच तिचं वालाचं शेत. वालाचा वेल हिरवा असतो, पण तिचा वेल पीठ लावल्यासारखा.

आता मजा ऐका. सरकारचा नियम असा आहे की डोंगर फोडला की खाणवाल्याने सरकारला स्वामित्वधन भरायचं. आपण साधं रॉयल्टी म्हणतो. डोंगर काही पुन्हा उगवत नाही, म्हणून त्या पैशाबरोबर आणखी काही वाटा जिल्ह्याला वेगळा काढून ठेवायचा, आणि ज्या गावांना खाणीचा त्रास होतो तिथे रस्ता, पाणी, दवाखाना असं काही करायचं. फार चांगली गोष्ट. मला तर ऐकूनच आनंद झाला. पण आमचा डोंगर बसलाय वावेपाड्याच्या शिवेत. खाण त्यांची, ट्रक आमचे. कागदावर त्रास वावेपाड्याला, आणि वावेपाड्याच्या लोकांनी तो ट्रक कधी डोळ्यांनी पाहिलाही नाही, कारण ते डोंगराच्या पलीकडे राहतात. त्यांना त्या वाट्यातून समाजमंदिर मिळालं. आम्ही उद्घाटनाला जाऊन जिलबी खाऊन आलो.

वहिनी मात्र जिलबी खायला आली नाही. तिने मुलाला फोन लावला. तिचा मुलगा जितेश धाटावला कंपनीत आहे, रोह्याजवळ वरसेला फ्लॅट घेतलाय, कधीपासून आईला बोलावतोय.

"यंदाचे वाल निघाले का मी येते रं तिकडं," ती फोनवर म्हणाली. "मना नाय जमत आता."

मी शेवग्याखाली उभा राहून ऐकत होतो. म्हटलं, "गो वहिनी, जितेशच्या बिल्डिंगच्या पायात खडी कुठली हाय माहीत हाय काय? आपल्याच डोंगराची. धुळीला सोडून डोंगरावर राहायला चाललीस."

"भावोजी, तुमाला मस्करी सुचते. तिथं तो डोंगर गप बसलेला असंल ना? इथं तो घरात येतो."

मी घरी येऊन चहा घेऊन बसलो. हे घर बंद झालं तर सकाळी मला हाक कोण मारणार, माझ्या ओटीकडे बघून "भावोजी, ही ओटी का गोठा?" असं कोण विचारणार, हे मनात आलं आणि चहा कडू लागला.

आमची सरपंच नूतन, जगनचीच सून, चांगली शिकलेली आणि चिवट पोरगी. तिने रोह्याला, अलिबागला इतक्या खेपा घातल्या की शेवटी वरून निरोप आला, पाहणी करायला माणसं येतात, तुमच्या गावाला खरंच त्रास असेल तर यादीत घेऊ. नूतनने ग्रामसभेत बजावलं, "कुणी काही करू नका. गाव आहे तसं दिसू द्या. धूळ दिसली तरच रस्ता मिळेल."

सगळे व्हय व्हय म्हणाले. वहिनीही म्हणाली.

आणि पाहणीच्या दिवशी उजाडायच्या आत सगळा गाव झाडत होता!

झालं असं की वहिनीला राहवलं नाही. "पावनी येणार, नि दारात घाण? माझ्या?" म्हणत तिने स्वतःचं अंगण सारवलं. तिचं बघून शेजारणीने सारवलं. मग तिसरीला वाटलं आपलंच वाईट दिसायला नको. कोंडशेतात पाहुणा म्हणजे पाहुणा, तो कशासाठी येतोय हे आम्ही नंतर बघतो. जगनने तर ट्रॅक्टरला टाकी जोडून सगळ्या रस्त्यावर पाणी मारलं. स्वतःच्या सुनेने बजावलेलं विसरून! मीही माझी ओटी पुसली. वहिनीने लांबून बघितलं आणि पदराने डोळे पुसले, इतका तिला आनंद झाला.

गाडी आली. त्यातून एक चष्मेवाले साहेब उतरले, बरोबर फोटो काढायला एक तरुण मॅडम. खाणीचे ट्रक रोजच्यासारखे चालूच होते, पण ओल्या रस्त्यावरून ते असे जात होते जशी नवरीची वरात. धुळीचा कण नाही. साहेबांनी चार घरं बघितली, शाळा बघितली, वहिनीची ओटी बघितली, पाय धुतले.

"सरपंच," ते म्हणाले, "एवढं स्वच्छ गाव मी तालुक्यात बघितलं नाही."

वहिनीचा चेहरा फुलला.

"पण मग मी लिहू काय? तुम्ही म्हणता धुळीचा त्रास. धूळ आहे कुठे?"

वहिनीचा चेहरा पडला. नूतनने तिच्याकडे बघितलं, मग सासऱ्याकडे. जगन टाकीच्या मागे जाऊन उभा राहिला.

मी हळूच म्हटलं, "वहिनी, सांग की."

"काय सांगू?" ती दातांवर दात ठेवून म्हणाली. "पावन्यांना सांगू माझं घर घाण हाय म्हणून? मरण आलं तरी नाय सांगायची."

साहेब निघाले. पण थंडीचे दिवस, वाल भरलेले, आणि दुपार कलती झालेली. आमच्याकडून पाहुणा अशा दिवसांत पोपटी न खाता जात नाही. जगन टाकीमागून बाहेर आला आणि म्हणाला, "साहेब, रस्ता राहू दे, पोपटी तर खा."

पोपटी म्हणजे आमच्या रायगडाचं सुख. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा, त्या उग्र वासाच्या रानटी झुडपाचा, पाला लावायचा, वालाच्या शेंगा भरायच्या, ओवा आणि जाडं मीठ टाकायचं, वरून पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं मारायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगा धुवायच्याही नाहीत, धुतल्या की त्या भाजत नाहीत, शिजून लिबलिबीत होतात. आणि आमच्या गावात पोपटी लावायची ती पुरुषांनी. बायका त्या मडक्याला हात लावत नाहीत. म्हणजे सगळ्या कोंडशेतात वहिनीचं फडकं जिथे पोचत नाही अशी ती एकच जागा.

जगनने समोरच्याच शेतातून, म्हणजे वहिनीच्याच वेलावरून, शेंगा तोडल्या. पाला रस्त्याच्या कडेचा. मीठ वहिनीच्या बरणीतलं. जाळ झाला, मडकं उघडलं, असा वास सुटला की ट्रकवाल्यानेसुद्धा खिडकीतून मान बाहेर काढली.

साहेबांनी शेंग उचलली, आमच्यासारखीच दातात धरून ओढली.

कच्च.

साहेब थांबले. भला माणूस, हसून चावत राहिले. दुसरी शेंग. पुन्हा कच्च. मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. आम्हाला काही वाटत नव्हतं, आमच्या दातांना सवय झालेली.

"फार छान," साहेब म्हणाले. "फक्त मीठ जरा... खडे राहिलेत वाटतं मिठात."

"व्हय व्हय, मीठच ते!" जगन घाईने म्हणाला. "जाडं मीठ, साहेब. विरघळलं नसंल."

ओटीच्या कडेला वहिनी उभी होती. मला दिसलं, तिने पदर खोचला. मी मनात म्हटलं, जगन्या, मेलास.

"मिठात खडं?" वहिनी पायरी उतरून खाली आली. "कुणाच्या मिठात खडं? माझ्या बापाच्या गावचं मीठ हाय त्ये! जन्मात त्याच्यात कचरा निंगला नाय! जगन, बैलासारका उबा ऱ्हाऊन खोटं बोलतोस व्हय रं?"

"अगो वहिनी, पावनी हायत..."

"हायत तर हायत! साहेब, त्ये मीठ नाय. त्यो डोंगर हाय. तुमी आत्ता डोंगर खाल्लात. मी रोज खाते. भाताच्या मडक्यात पडतो, पान्याच्या हंड्यात पडतो. सकाळपासनं ह्या बाया झाडतायत म्हणून तुमाला दिसला नाय. रस्त्यावर ह्यानं टाकी वतली. उद्या या, नको, तासाभरानं या, रस्ता वाळू दे. मना मेलीला धूळ दाखवायची लाज वाटली. पण मीठ वायट म्हणू नका."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, "मावशी, शेत दाखवता?"

शेतात कुणी पाणी मारलं नव्हतं, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. साहेबांनी वालाच्या पानावर बोट ओढलं. बोट पांढरं, आणि पानावर हिरवी रेघ. मॅडमनी फोटो काढला. साहेबांनी शेजारच्या पानावर, त्याच्या शेजारच्या पानावर रेघा ओढल्या, शाळेतल्या पोरासारख्या. तोवर रस्ता वाळला होता आणि एक रिकामा ट्रक जोरात गेला. आम्ही सगळे, साहेब धरून, पिठाच्या गिरणीतून बाहेर आल्यासारखे झालो. वहिनी धावत पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"राहू द्या मावशी," साहेब म्हणाले, "असाच अलिबागला जातो. पुरावा आहे."

तिथून पुढचं काम सरकारी चालीने झालं. आमचं गाव बाधित म्हणून यादीत घेतलं, ही बातमी त्याच शिमग्याला आली. काँक्रीटचा रस्ता मंजूर झाला. पण मंजूर होणं वेगळं, होणं वेगळं. वाल निघाले, जितेशचा फोन आला. वहिनी म्हणाली, "रस्ता होऊ दे. देखरेख कोन करंल, तुजं काका? त्यांना बोलण्यातून वेळ नाय." पावसाळा गेला, दिवाळी गेली, मग एकदाची मशिनं आली.

काँक्रीट ओतल्यावर त्यावर मातीच्या छोट्या पाळ्या घालतात आणि चौकोन पाण्याने भरून ठेवतात, रस्ता पक्का व्हावा म्हणून. ठेकेदाराच्या माणसांनी ते केलं आणि संध्याकाळचं ऊन त्या पाण्यावर पडलं. वहिनी दारात आली आणि थबकली.

"भावोजी," ती म्हणाली, "बघा की. मिठागर."

गावापासून वळणापर्यंत चौकोनामागून चौकोन चमकत होते. तिने पायातल्या चपला काढल्या आणि पाळीपाळीने चालत गेली, एकही पाळी न मोडता. कुठे पाणी कमी दिसलं तर हंड्याने आणून ओतलं. ठेकेदाराचा मुकादम मला म्हणाला, "आजोबा, या मावशींना कामावर ठेवू काय?" मी म्हटलं, "स्वतःला काढून ठेवत असशील तर ठेव."

यंदाच्या शिमग्याला जितेश टेम्पो घेऊनच आला. "आई, झाला रस्ता, झाली देखरेख. बांध बोचकं."

वहिनी त्याच्या टेम्पोच्या मागे बघत होती. टेम्पो वळणावर शेणाच्या पोवरून आला होता, आणि वळणापासून दारापर्यंत त्या पांढऱ्याशुभ्र रस्त्यावर दोन हिरवे पट्टे उमटले होते.

"जित्या," ती म्हणाली, "आदी त्ये पूस."

"आई, रस्ता आहे तो! रस्ता कोण पुसतं?"

"खराटा दाराच्या मागं हाय. बालदी मोरीत हाय."

कंपनीत शिफ्टचा सुपरवायझर असलेला माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वळणापर्यंत रस्ता घासत गेला. मी शेवग्याखाली खुर्ची टाकून बघत होतो आणि कुठे राहिलंय ते सांगत होतो. परत आला तेव्हा घामाघूम होता आणि हसत होता. त्याने आईकडे बघितलं, तिच्या त्या रस्त्याकडे बघितलं, आणि बोचक्याचं नाव काढलं नाही. जाताना टेम्पोत कडव्या वालाचं एक पोतं आणि पेणच्या मिठाची बरणी होती.

टेम्पो दिसेनासा झाला तशी वहिनी माझ्याकडे वळली.

"भावोजी, ही ओटी का गोठा?"

मी उठलो आणि खराटा आणायला तिच्याच घरी गेलो. पाय धुऊन.